पॅकर्स येण्याआधी : घर हलवणाऱ्यांचे प्रश्न

घर हलवण्याचे काम व्यावसायिक पॅकर्सवर सोपवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून, ज्यांचा आशय एकच होता ते एकत्र केले आहेत. भाडे किती पडावे आणि कंपनी कोणती निवडावी, हे प्रश्न मुद्दामच बाजूला ठेवले आहेत, कारण त्यांची उत्तरे ठिकाणागणिक बदलतात. पॅकर्स दारात उभे राहीपर्यंत घरच्या माणसांनी काय करून ठेवायचे, एवढाच येथील विषय आहे.

प्रश्न : आम्ही संपूर्ण पॅकिंगचे काम कंपनीला दिले आहे. घरातील एकूण एक वस्तू तेच बांधणार, तेच नेणार आणि नव्या घरात तेच उतरवून देणार. असे असताना आधी तयारी करण्यासारखे काय उरते? माझे यजमान म्हणतात, काहीच करू नये. मला मात्र स्वस्थ बसवत नाही.

उत्तर : स्वस्थ बसवत नाही, हे बरेच आहे. पॅकिंग करणारी माणसे कामात सरावलेली असतात आणि त्यांचा वेग पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. हा वेग त्यांना साधतो, कारण ती कोणत्याही वस्तूविषयी विचार करत थांबत नाहीत. समोर दिसेल ते गुंडाळायचे, खोक्यात भरायचे, चिकटपट्टी मारायची आणि पुढचे खोके ओढायचे, ही त्यांची रीत. तिच्यात कचऱ्याचा डबा आतल्या कचऱ्यासकट बांधला जातो, शेजाऱ्यांना परत द्यायची म्हणून दाराशी ठेवलेली पिशवी बांधली जाते, आणि टेबलावर क्षणभर ठेवलेला चष्मा व नव्या घराच्या किल्ल्याही बांधल्या जातात. यात त्यांचा दोष काढता येत नाही. कोणती वस्तू न्यायची, कोणती टाकायची आणि कोणती हाताशी ठेवायची, हे त्यांना कसे कळावे? बांधण्याचे काम तुम्ही त्यांना दिले आहे. ठरवण्याचे काम तुमच्याकडेच राहिले आहे, आणि ते त्यांच्या येण्याआधी उरकलेले असावे लागते.

सर्वांत आधी, काय न्यायचे नाही ते ठरवावे. त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी असावेत, आणि सुरुवात रोजच्या वापरातल्या कपाटांपासून न करता माळा, पलंगाखालचे कप्पे, जिन्याखालची जागा, बाल्कनीतील पेटी अशा, वर्षानुवर्षे न उघडलेल्या ठिकाणांपासून करावी. तेथील वस्तू किमतीने किरकोळ असतात, पण त्यांचा निर्णय करायला सर्वाधिक वेळ लागतो. मुलांच्या जुन्या वह्या, बंद पडलेले रेडिओ, जोडीतला एकच उरलेला दिवा, कोणाच्या तरी लग्नात आलेली आणि आजतागायत खोक्याबाहेर न निघालेली भेट, यांपैकी प्रत्येक वस्तू हातात घेतली की घरात चर्चा सुरू होते. ती चर्चा आठवड्यात एखाद्या संध्याकाळी झाली तर गोड वाटते. चार माणसे खोकी घेऊन उभी असताना झाली तर तिचे भांडणात रूपांतर होते. जे द्यायचे, विकायचे किंवा टाकायचे ते पॅकर्स येण्याच्या किमान दोन दिवस आधी घराबाहेर गेलेले असावे. ‘हे न्यायचे नाही’ अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवलेला ढीग हा बंदोबस्त पुरेसा नाही, कारण चिठ्ठी गळून पडते.

त्यानंतरचे काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॅकर्स खोलीवार बांधतात आणि खोक्यावर ज्या खोलीतून वस्तू उचलली त्या खोलीचे नाव घालतात. आजच्या घरात शिवणयंत्र आणि त्याचे सारे साहित्य बैठकीच्या खोलीत असेल, पण नव्या घरात ते मागच्या खोलीत जायचे असेल, तर खोक्यावर ‘बैठक’ असे लिहिले जाईल आणि ते बैठकीतच उतरवले जाईल. म्हणून वस्तू जेथे जायच्या आहेत त्यानुसार त्यांची आधीच जमवाजमव करावी. त्याचबरोबर जोड्या जुळवाव्यात : रिमोट दूरचित्रवाणी संचाजवळ, चार्जर त्याच्या यंत्राजवळ, झाकण भांड्याजवळ. चार खोल्यांत विखुरलेल्या चार्जरच्या वायरी चार खोक्यांत गेल्या, की नव्या घरात पहिले दोन दिवस त्यांच्या शोधात जातात.

शेवटी, हात न लावण्याची एक जागा ठरवावी. न्हाणीघर यासाठी सोयीचे पडते, कारण त्याला दार असते आणि तेथे बांधण्यासारखे फारसे नसते. जे तुमच्याबरोबर जायचे ते सर्व आदल्या रात्री तेथे ठेवून दार लावावे, त्यावर ठळक अक्षरांत कागद चिकटवावा आणि तुकडीच्या मुकादमाला सकाळीच ते दार दाखवून सांगावे. कागदापेक्षा सांगण्याचा उपयोग अधिक होतो, हे लक्षात असू द्यावे.

भिंतीवरच्या वस्तूंचे मात्र आधी विचारून घ्यावे. पडदे व त्यांच्या दांड्या, तसबिरी, भिंतीत ठोकलेली फडताळे, झुंबर, भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच, हे उतरवण्याचे काम करारात असतेच असे नाही. नसेल तर वीजकाम व सुतारकाम करणाऱ्यांना एक-दोन दिवस आधी बोलावून ते करून घ्यावे.

प्रश्न : कंपनीचा माणूस सामान पाहायला येतो म्हणाला, मोबाइलवर व्हिडिओ पाठवला तरी चालेल, असेही त्याने सुचवले. दोहोंपैकी काय बरे? आणि त्याला नेमके काय दाखवायचे?

उत्तर : शक्य असेल तर घरीच बोलवावे. व्हिडिओत खोली दिसते, कपाटाचे पोट दिसत नाही, आणि सामानाचा अंदाज चुकतो तो तेथेच. पाहणीला आलेला माणूस वजनापेक्षा आकारमानाकडे पाहत असतो. एकूण किती घनफूट सामान आहे यावरून गाडी केवढी लागेल, खोकी किती लागतील आणि माणसे किती आणावी लागतील हे तो ठरवतो. अडगळीची खोली दाखवायला संकोच वाटतो म्हणून तिचे दार ओढून घेणारी मंडळी पुष्कळ असतात. मग ऐनवेळी तिच्यातून अनेक खोक्यांचे सामान निघते, गाडीत जागा उरत नाही, आणि दुसरी फेरी कोणाच्या खर्चाने करायची यावर रस्त्यात उभे राहून वाद होतो.

जड आणि अवघड वस्तू वेगळ्या सांगाव्यात : व्यायामाचे यंत्र, दगडी किंवा काचेच्या पृष्ठभागाचे टेबल, मत्स्यपेटी, पियानो, तिजोरी. काही कपाटे व पलंग खोलीतच बनवलेले असतात आणि अखंड स्थितीत ते दारातून बाहेर निघतच नाहीत. त्यांची मापे आधी घ्यावीत, आणि नव्या घराच्या दारांची, जिन्याच्या वळणाची व लिफ्टचीही घ्यावीत. सोफा दारातून आत जाईना, हा प्रसंग अनुभवी माणसांवरही येतो, कारण मापे घेताना प्रत्येक जण सोफ्याची लांबी मोजतो आणि वळण घेताना किती जागा लागेल ते मोजायचे राहून जाते. गाडी दारापासून किती अंतरावर उभी राहू शकेल, लिफ्ट सामानासाठी वापरू देतात की नाही, ठरावीक वेळेतच सामान हलवण्याचा नियम आहे का, या गोष्टी दोन्ही इमारतींच्या बाबतीत विचारून ठेवाव्यात आणि कंपनीला कळवाव्यात.

पाहणीनंतर काही भर पडली, उदाहरणार्थ नवे कपाट विकत घेतले किंवा नातेवाइकांचे चार ट्रंक तुमच्याबरोबर पाठवायचे ठरले, तर तेही आधी कळवावे. दर ठरला तो पाहिलेल्या सामानाचा असतो.

प्रश्न : माझ्याकडे पुस्तके भरपूर आहेत. पुस्तके आणि काचेची भांडी मी स्वतः बांधून ठेवली तर खर्च वाचेल आणि वस्तू सुरक्षितही राहतील, असे वाटते. हे योग्य आहे का?

उत्तर : पुस्तके बांधावीत, काचसामान त्यांच्यावरच सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यामागे दोन कारणे आहेत, एक कागदोपत्री आणि एक हातोटीचे.

कागदोपत्री कारण असे की, सामानाच्या यादीत प्रत्येक खोके कोणी बांधले याची नोंद होते. ‘मालकाने स्वतः बांधलेले’ अशी नोंद असलेले खोके बाहेरून धड असेल आणि आतील वस्तू फुटलेली निघाली, तर ती प्रवासात फुटली की मुळात नीट बांधलीच नव्हती, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. विम्याच्या अनेक करारांत अशा खोक्यांची भरपाई वगळलेलीच असते. म्हणजे सर्वांत नाजूक वस्तू आपण सर्वांत दुबळ्या संरक्षणाखाली नेतो.

हातोटीविषयी सांगायचे तर, एखाद्या सराईत माणसाला बशा भरताना पाहावे. तो आधी खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या कोऱ्या कागदाचा चांगला जाड थर देतो. प्रत्येक बशी कागदात स्वतंत्र गुंडाळतो, चार-पाच बशांचा पुन्हा एक गठ्ठा करतो आणि तो गठ्ठा आडवा न ठेवता कडेवर उभा ठेवतो, कारण खालून बसणारा धक्का आडव्या बशीला मधोमध वाकवतो आणि उभी बशी तो आपल्या काठावर पेलते. खालच्या थरात जड बशा, त्यावर वाडगे, सर्वांत वर पेले, असा क्रम असतो. शेवटी उरलेली पोकळी कागदाने भरून तो खोके किंचित हलवून पाहतो. आत खुळखुळ ऐकू आली तर पुन्हा उघडतो. हे सारे त्याचे हात न बोलता करतात. आपण हौसेने बांधू लागलो की पहिली पाच खोकी अशी होतात आणि सहाव्यापासून टॉवेल व जुने कपडे कोंबणे सुरू होते.

पुस्तकांचे तसे नाही. ती फुटत नाहीत. त्यांच्या बाबतीत धोका वजनाचा असतो. सुमारे दीड घनफुटांचे लहान खोके पुस्तकांनी भरले तरी ते सहज 18 ते 20 किलोंपर्यंत जाते, आणि एका माणसाने जिन्यावरून पुन्हा पुन्हा उचलायला तेवढे पुरे. मोठ्या खोक्यात पुस्तके भरली की उचलताना तळ सुटतो. खोकी पाच पदरी पुठ्ठ्याची घ्यावीत. दुकानातून आणलेली जुनी, ओल धरलेली खोकी रचल्यावर दबतात. तळाच्या मधल्या फटीवर चिकटपट्टीचे दोन पट्टे लावावेत आणि दोन्ही कडांवरूनही पट्टी घ्यावी. पुस्तके आडवी रचावीत किंवा कपाटात असतात तशी उभी ठेवावीत. उघडी बाजू खाली करून ठेवली तर पानांच्या भाराने बांधणी सुटते. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कागदावर आणि कापडी बांधणीवर उतरते, म्हणून पोकळी भरायला कोरा कागद वापरावा. खोके अर्धवट भरू नये, कारण वर दुसरे खोके आले की ते खचते.

खर्च वाचेल की नाही, हे तुमच्या करारावर अवलंबून आहे. संपूर्ण घराचा एकच आकडा ठरला असेल तर स्वतः बांधलेल्या दहा खोक्यांनी तो उतरत नाही. म्हणून आपण काय बांधणार ते दर ठरवतानाच सांगावे आणि लेखी घ्यावे. एकदा सांगितले की पॅकर्स येण्यापूर्वी ते काम संपवावे. अर्धवट भरलेली उघडी खोकी दिसली तर ते ती रिकामी करून पुन्हा आपल्या पद्धतीने भरतात, आणि तुमचे श्रम व त्यांचा वेळ दोन्ही वाया जातात.

प्रश्न : फ्रिज, धुलाई यंत्र, वातानुकूलन यंत्र आणि संगणक यांची तयारी पॅकर्स करतात, की आपण करायची?

उत्तर : बाहेरून गुंडाळण्याचे काम त्यांचे. यंत्र आतून रिकामे, कोरडे आणि सुटे करून देण्याचे काम तुमचे, आणि नुकसान बहुतेक वेळा या आतल्या बाजूनेच होते.

फ्रिज किमान 24 तास आधी बंद करून रिकामा करावा. साठलेला बर्फ आपोआप वितळू द्यावा. तो सुरीने खरवडू नये, कारण शीतनळीला एक चीर पडली की संपूर्ण वायू निघून जातो. ज्या फ्रिजमध्ये बर्फ साठत नाही त्यांच्याही पाठीमागे, खालच्या अंगाला, पाणी जमण्याचे एक तबक असते. ते रिकामे करण्याचे बहुतेकांना आठवत नाही, आणि फ्रिज तिरका होताच तेथील कुबट पाणी नेमके गुंडाळलेल्या गादीवर सांडते. आतून पुसून दार थोडे उघडे ठेवावे म्हणजे बुरशी धरत नाही. काचेच्या फळ्या व कप्पे काढून वेगळे बांधायला द्यावेत. फ्रिज उभाच न्यावा, असे मुकादमाला बजावावे. तो आडवा केला तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते, आणि लगेच सुरू केल्यास कॉम्प्रेसर तेलावाचून चालून निकामी होऊ शकतो. नाइलाजाने आडवा न्यावा लागला असेल तर नव्या घरी पोहोचल्यावर तो उभा करून दिवसभर तसाच ठेवावा आणि मगच चालू करावा. उभा नेलेल्या फ्रिजलाही काही तास विसावा दिलेला बरा.

समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राचा पिंप स्प्रिंगांवर झुलत असतो. कारखान्यातून येताना तो हलू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट बसवलेले असतात. यंत्र बसवताना ते काढून तुमच्या हवाली केलेले असणार. ते शोधून ठेवावेत, कारण ते परत न बसवता यंत्र नेले तर पिंप प्रवासभर आपटत राहतो. सापडत नसतील तर यंत्राच्या कंपनीकडून आधीच मागवावेत. नव्या घरी यंत्र चालू करण्यापूर्वी ते काढण्याची आठवण मात्र ठेवावी. यंत्राच्या पायथ्याशी एक छोटे झाकण असते. त्यामागची गाळणी उथळ ताटलीवर उघडली की आत राहिलेले पाणी निघून जाते. नळ सुटे करताना बादली आणि फडके जवळ असावे.

वातानुकूलन यंत्र काढण्यासाठी तंत्रज्ञच लागतो, कारण नळ्या सोडण्यापूर्वी त्यांतील वायू बाहेरच्या भागात गोळा करून कोंडून ठेवावा लागतो. हे काम पॅकर्सच्या दिवशी ठेवू नये. आदल्या दिवशी उरकावे. दूरचित्रवाणी संचाचे मूळ खोके जपले असेल तर त्याचे आता चीज होईल. मोठा पातळ पडदा सदैव उभाच न्यावा. आडवा ठेवला तर त्याच्याच वजनाने व धक्क्यांनी तो तडकतो. संगणकातील माहितीची प्रत काढून ती आपल्याजवळ ठेवावी, छपाई यंत्रातील शाईची नळकांडी काढावीत आणि वायरी सोडण्यापूर्वी पाठीमागच्या जोडण्यांचे छायाचित्र घ्यावे. मायक्रोवेव्हमधील काचेची फिरती थाळी काढून द्यावी.

प्रश्न : पॅकर्सना कोणत्या वस्तू देऊ नयेत?

उत्तर : दोन प्रकार आहेत : जे ते घेत नाहीत, आणि जे तुम्ही देऊ नये. भरलेले गॅस सिलिंडर, पेट्रोल, रॉकेल, रंग व थिनर, आम्ले, ब्लीच, फवाऱ्याचे डबे, फटाके यांना गाडीत जागा नसते, आणि ते गुपचूप एखाद्या खोक्यात सरकवणे हा चतुरपणा नव्हे. बंद गाडीत उन्हात उष्णता बरीच वाढते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या दबल्या किंवा त्यांची टोके धातूला लागली तर पेट घेऊ शकतात, म्हणून त्याही सोबत ठेवाव्यात. स्वयंपाकघरातील तेलाच्या उघड्या बाटल्या आणि पातळ पदार्थ आधीच संपवत आणावेत. एका बुचातून गळलेले तेल अख्खे खोके खराब करते.

जे देऊ नये त्यात रोकड, दागिने, घराची व शिक्षणाची कागदपत्रे, ओळखपत्रे, औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मे, किल्ल्यांचे जुडगे, आणि ज्यांची प्रत नाही अशी छायाचित्रे येतात. घरच्या माणसांपैकी एकाने ही बॅग आपल्या अंगावर घ्यावी. ‘गाडीत पुढे ठेवली आहे’ हे उत्तर मान्य करू नये. करारही त्याच बॅगेत असावा. तो खोक्यात गेला, तर वाद झाल्यावर शोधायचा कसा?

प्रश्न : बांधणी झाल्यावर मुकादमाने लांबलचक यादीवर सही मागितली. वाचायला वेळ नव्हता. अशी सही करणे धोक्याचे आहे का? विम्याविषयीही थोडे लिहावे.

उत्तर : ती यादी हाच पुढच्या प्रत्येक तक्रारीचा आधार असतो. तिच्यात खोक्याचा क्रमांक, आतील सामानाचा प्रकार आणि फर्निचरची सध्याची अवस्था लिहिलेली असते. अवस्थेच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. घाईत असलेला मुकादम सरसकट सर्व फर्निचरपुढे ‘ओरखडे आहेत’ असे लिहून टाकतो, म्हणजे नंतर पडलेला ओरखडा जुनाच ठरतो. वस्तू खरोखर धड असेल तर ती नोंद तेथेच खोडायला लावावी. आदल्या दिवशी प्रत्येक मोठ्या वस्तूची चारी बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवली असतील तर हा संवाद फार सोपा होतो. ‘किरकोळ वस्तू’ एवढेच लिहिलेले खोके हेही तितकेच घातक. त्यात काय आहे ते दोन-तीन शब्दांत लिहून घ्यावे. यादीची प्रत घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नये.

वाहतूक कंपनीची जबाबदारी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘सर्व आमच्या जबाबदारीवर’ हे तोंडी आश्वासन यांपैकी कशातच बसत नाही. विमा घ्यायचा तर किंमत प्रामाणिक सांगावी. हप्ता वाचवण्यासाठी खऱ्या किमतीच्या 60 टक्केच किंमत दाखवली, तर अनेक करारांनुसार फुटलेल्या एकट्या वस्तूची भरपाईही 60 टक्केच मिळते. यंत्र बाहेरून धड असून आतून बिघडले तर भरपाई मिळते की नाही, संचातील एक पेला फुटला तर संच धरतात की पेला, आणि नुकसान किती दिवसांत कळवावे लागते, हे तीन प्रश्न करार वाचताना शोधावेत. त्यासाठी करार आठवडाभर आधी हातात यायला हवा.

सामान उतरवल्यावरही सही मागतात. तेव्हा प्रत्येक क्रमांक मोजून खूण करावी, दबलेली किंवा भिजलेली खोकी तेथल्या तेथे उघडावीत आणि ‘खोकी उघडून तपासणे बाकी’ असा शेरा लिहून मग सही करावी.

प्रश्न : कपाटाचे खण रिकामे करायचे की कपड्यांसकट राहू द्यायचे?

उत्तर : भरीव लाकडाच्या लहान खणांत मऊ कपडे राहिले तर चालते. भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या फर्निचरचे खण रिकामेच करावेत, कारण अशा फळ्या उचलताना सांध्यांत सुटतात. असे फर्निचर खोलून पुन्हा जोडतानाही स्क्रूची पकड दरवेळी थोडी सैल होते, तेव्हा दारातून अखंड निघत असेल तर ते न खोलणेच चांगले. खोललेच तर प्रत्येक वस्तूचे स्क्रू व खिट्ट्या वेगळ्या पिशवीत घालून, नाव लिहून, ती पिशवी त्याच वस्तूच्या फळीला आतून चिकटवायला सांगावी. पाने व पेचकस मात्र आपल्या बॅगेत ठेवावेत.

प्रश्न : घरात वयस्कर सासूबाई आहेत आणि चार वर्षांचा मुलगा आहे. मांजरही आहे. बांधणीच्या दिवशी यांचे काय करावे? सासूबाईंना आपल्या वस्तूंना कोणी परक्याने हात लावलेला खपत नाही.

उत्तर : मुलाला आणि मांजराला त्या दिवशी दुसरीकडे ठेवता आले तर सर्वांत उत्तम. दार दिवसभर उघडे असते आणि मांजर घाबरले की उघड्या खोक्यात किंवा रस्त्यावर जाते. दुसरीकडे ठेवणे जमत नसेल तर मांजराला सर्वांत आधी रिकाम्या झालेल्या खोलीत, त्याच्या पिंजऱ्यासह, दार लावून ठेवावे. मुलाच्या खोलीचे सामान शेवटी बांधायला आणि नव्या घरात आधी उतरवायला सांगावे.

सासूबाईंच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. वयस्कर माणसाच्या कपाटात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली असते आणि ती जागा पाठ झालेली असते. एका तासात ते सारे खोक्यांत जाताना पाहणे सोपे नाही. त्यांच्या वस्तू दोन-तीन दिवस आधी त्यांच्याच देखरेखीखाली, तुम्ही किंवा त्यांच्या मुलाने बांधाव्यात, खोक्यांवर त्यांच्या सांगण्याप्रमाणे नावे घालावीत, आणि कपाट रिकामे करण्याआधी प्रत्येक खणाचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे नव्या घरात मांडणी तशीच करता येते. त्यांची औषधे, जप किंवा वाचनाचे पुस्तक आणि अंथरूण-पांघरूण तुमच्याबरोबर न्यावे. बांधणीच्या दिवशी त्यांची खुर्ची शेवटपर्यंत बांधू देऊ नये. दिवसभर बसायचे तरी कशावर?

पॅकर्सच्या प्रश्नांना उत्तर देणारी व्यक्ती मात्र एकच असावी. ‘हे घ्यायचे का’ या प्रश्नाला घरातून तीन उत्तरे आली की ते आपल्या मनाने चौथे काढतात. दुसऱ्या एकाने दाराशी उभे राहून खोक्यांचे क्रमांक यादीशी ताडावेत.

प्रश्न : पहिल्या रात्री लागणाऱ्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात असे सगळेच सांगतात. त्या कोणत्या? आणि गाडी निघण्यापूर्वी शेवटी काय पाहावे?

उत्तर : अंथरूण-पांघरूण, टॉवेल, साबण, बदलायचे कपडे, मोबाइलचे चार्जर, विजेरी, कात्री किंवा खोकी उघडायची सुरी, कचऱ्याच्या पिशव्या, फडकी, दोन-चार पेले-ताटल्या आणि पाणी गरम करण्याचे एखादे भांडे, एवढे पुरते. हे खोके तुमच्या वाहनात न्यावे. ते जमत नसेल तर गाडीत सर्वांत शेवटी चढवायला लावावे, म्हणजे ते सर्वांत आधी उतरेल. खोक्यांवरची नावे वरच्या बाजूवर न लिहिता दोन बाजूंच्या भिंतींवर लिहायला सांगावीत, कारण खोकी एकावर एक रचली की वरचे नाव झाकले जाते.

शेवटची फेरी घाईत करू नये आणि तुकडीतील एका माणसाला बरोबर घेऊन करावी. प्रत्येक कपाट, प्रत्येक खण आणि माळा उघडून पाहावा. दारामागचे आकडे, कपडे वाळत घालण्याची दोरी, ओव्हनचे पोट, न्हाणीघराचा आरसा व त्यामागचे फडताळ, टपाल येण्याची पेटी आणि गच्चीवरच्या कुंड्या, या जागा हमखास राहतात. हात न लावण्याच्या खोलीचे दारही याच वेळी उघडावे. विजेच्या व पाण्याच्या मीटरचे आकडे टिपून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, नळ व बटणे बंद करावीत. गाडीचे दार लागण्याआधी ही फेरी झाली तर राहिलेली वस्तू गाडीत जाते. नंतर झाली तर ती तुम्हालाच मांडीवर घेऊन बसावी लागते, आणि ती बहुधा कुंडीच असते.